साखर चिकटलेले अल्ब्युमिन आणि वऱ्हाडातले रक्त

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील डॉ. महेश कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे रेणूंचा भार मोजणारे यंत्र, वापरून मधुमेहाचा अभ्यास करीत आले आहेत. त्यांचे शोधनिबंध किती, यापेक्षा अमरावती-अकोल्याकडच्या रुग्णाला या कामातून काय मिळू शकते, या प्रश्नावर त्याचे मोल तपासून पाहू.

रक्तातील साखर वाढली की ग्लुकोज प्रथिनांना चिकटू लागते. विकराच्या मदतीशिवाय घडणाऱ्या या क्रियेला ग्लायकेशन म्हणतात. ग्लुकोजचा रेणुभार १८०. तो चिकटताना १८ भाराचा पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. म्हणजे प्रथिनाचा भार १६२ ने वाढतो. रक्तद्रवातील प्रमुख प्रथिन अल्ब्युमिन. त्याचा भार सुमारे ६६,५००. एवढ्या मोठ्या रेणूत साखर नेमकी कोठे चिकटली, हे कसे शोधायचे? त्यासाठी विकराने प्रथिनाचे लहान तुकडे करतात, तुकड्यांना विद्युतभार देतात आणि निर्वातात त्यांच्या भाराचे विद्युतभाराशी असलेले गुणोत्तर मोजतात. जो तुकडा अपेक्षेपेक्षा १६२ ने जड भरतो, त्यावर साखर असल्याचा संशय घेता येतो. तो तुकडा पुन्हा फोडून खात्री करतात.

अल्ब्युमिनच्या अशा तुकड्यांच्या ओळखखुणांचा संग्रहच कुलकर्णींच्या गटाने २०१५ साली प्रसिद्ध केला. मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे, मधुमेही आणि लघवीतून थोडे अल्ब्युमिन जाऊ लागलेले, अशा रुग्णांच्या रक्तद्रवात त्यांचे मापनही केले. इतर संशोधकांना वापरता येईल असे साधन त्यांनी तयार करून दिले, ही या कामाची मोठी जमेची बाजू.

आता वऱ्हाडाकडे वळू. गेल्या दोन-तीन महिन्यांतील साखरेचा अंदाज घेण्यासाठी डॉक्टर सहसा एचबीए-वन-सी ही तपासणी सांगतात. ती तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर मोजते आणि पेशी सुमारे १२० दिवस जगते, असे गृहीत धरते. पण मेळघाटासह विदर्भात सिकलसेल आढळतो. या रुग्णांच्या तांबड्या पेशी १० ते २० दिवसांतच नष्ट होतात. साखर चिकटायला वेळच मिळत नाही आणि आकडा खोटा कमी येतो. (केवळ वाहक असलेल्यांच्या पेशी मात्र जवळजवळ नेहमीइतक्या जगतात.) उलट, लोहाच्या कमतरतेने पंडुरोग झाला असेल तर आकडा खोटा वाढू शकतो. ज्याला औषधाची गरज आहे त्याला ‘साखर ठीक आहे’ असे सांगून घरी पाठवले जाण्याचा धोका येथे आहे.

अल्ब्युमिन तांबड्या पेशीत नसते, त्यामुळे ही चूक त्याला लागू होत नाही. म्हणून पुण्यातले हे काम वऱ्हाडाच्या विशेष उपयोगाचे ठरू शकते. मात्र याच गटाच्या २०१२ च्या निबंधाने एक सावधगिरीही शिकवली आहे. मधुमेहात अल्ब्युमिन कमी असेल तर रक्तद्रवातील इतर प्रथिनांवर आणि हिमोग्लोबिनवर साखर अधिक चिकटलेली आढळते. कुपोषणात, यकृताच्या व मूत्रपिंडाच्या विकारांत अल्ब्युमिन कमी होऊ शकते. तेव्हा कोणताही एकच आकडा प्रमाण मानणे बरे नव्हे.

उणीव दिसते ती येथेच. २०१५ च्या अभ्यासातले गट साखर आणि लघवीतील अल्ब्युमिन यांवरून पाडलेले आहेत, तांबड्या पेशींच्या आजारावरून नाहीत. नेहमीची तपासणी जेथे फसते, तेथेच नव्या खुणेची खरी कसोटी लागते. सिकलसेल आणि पंडुरोग असलेल्या मधुमेहींचे वेगळे गट करून हे मापन व्हायला हवे.

त्यासाठी तालुक्याच्या दवाखान्यात महागडे यंत्र बसवावे लागेल, असे नाही. साखर चिकटलेले अल्ब्युमिन विकराच्या साहाय्याने मोजण्याची सोपी पद्धत जपानमध्ये रूढ आहे. कोणता तुकडा मोजावा हे यंत्राने ठरवावे. रोजची मोजणी साध्या रसायनांनी करता येते.

१८० मधून १८ वजा केले की १६२ उरतात, एवढे गणित दहावीच्या वर्गालाही येते. त्यापुढचा प्रश्न शिक्षकांनी विद्यार्थ्यांपुढे जरूर ठेवावा: एखादी तपासणी कोणाच्या रक्तावर पारखली गेली आणि कोणाच्या रक्तावर वापरली जाणार?