वनखात्याचे ठाणे आणि त्यामागच्या खोल्या

जुनी वास्तू जतन करावी असे कोणी म्हटले की आपल्याकडे दोन प्रकारची माणसे उभी राहतात. एकाला घडीव दगड दिसतो, सागवानी तुळई दिसते, रुंद व्हरांडा दिसतो आणि त्याचे मन भरून येते. दुसऱ्याला त्या दगडाखाली वाकलेल्या पाठी दिसतात आणि तो म्हणतो, पडू द्या. दलित चळवळीतला कार्यकर्ता बहुधा या दुसऱ्या बाजूला असतो. त्यात त्याला दोष देता येत नाही. ज्या सोप्यावर आपल्या बापाला पाय ठेवता आला नाही तो सोपा ढासळला म्हणून हळहळ वाटण्याचे कारण काय? परंतु या रास्त संतापातून निघणारा निष्कर्ष मात्र तपासून घेतला पाहिजे. वनखात्याची जुनी ठाणी, नाकी आणि विश्रामगृहे यांच्यापुरता तो येथे तपासायचा आहे.

कोयनानगरच्या परिसराचा विचार करू. कोयनेच्या खोऱ्यापासून दक्षिणेला वारणेच्या अंगावरच्या चांदोलीपर्यंतचा सह्याद्री आज राखीव आहे. कोयना अभयारण्य १९८५ साली झाले. कोयना आणि चांदोली मिळून सुमारे १,१६६ चौरस किलोमीटरचा सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१० साली झाला. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटाला जागतिक वारसा ठरविले, त्यात ही दोन्ही जंगले आली. जंगलाचे मोल असे वाढले की जंगलातल्या सरकारी इमारतींचेही वाढते. तेथे पर्यटक येतो, छायाचित्रे निघतात आणि मग 'ऐतिहासिक वास्तू' हा शब्द कानावर पडू लागतो. अशा वेळी कोणत्या इतिहासाचे जतन होणार, हे आपण विचारले नाही तर दुसरा कोणी विचारणार नाही.

जुने फॉरेस्टचे ठाणे म्हणजे एक इमारत नव्हे, तो इमारतींचा एक संच असतो. पुढे साहेबाचा किंवा रेंजरचा बंगला. उंच जोते, जाड भिंती, उतरते छप्पर. त्याच्या मागे, धूर आणि वास बंगल्यात जाऊ नये इतक्या अंतरावर, स्वयंपाकघर. त्याहून मागे खानसामा, चौकीदार, गडीमाणसे यांच्या एकेक खणाच्या खोल्या. एका अंगाला घोड्याची पागा, दुसऱ्या अंगाला जप्त केलेल्या लाकडाची जागा. जवळपास गुरे डांबायचा कोंडवाडा. ही मांडणी नीट पाहिली की गावगाड्याची आठवण येते. पांढरी पुढे आणि वस्ती मागे, वाऱ्याची दिशा बघून ठेवलेली. इंग्रजाने जात आणली नाही हे खरे; पण जातीने घालून दिलेली अंतरे त्याला सोयीची वाटली आणि त्याने ती चुनेगच्चीत पक्की केली.

आता या संचातले काय राखले जाते? बहुतेक ठिकाणी बंगला. त्याला रंग लागतो, कौले बदलतात, भिंतीवर सांबराचे शिंग राहते. मागच्या खोल्या 'मोडकळीस आलेली जोडबांधकामे' म्हणून पाडल्या जातात आणि तेथे वाहनतळ किंवा उपाहारगृह होते. हे कोणी दुष्टाव्याने करतो असे नाही. ज्या सौंदर्यदृष्टीला व्हरांडा सुंदर दिसतो तिला एका खणाची काळवंडलेली खोली सुंदर दिसतच नाही. प्रश्न या दृष्टीचाच आहे, आणि म्हणून तो गवंड्याचा जितका आहे तितकाच समीक्षेचा आहे.

या ठाण्यांचा इतिहास थोडक्यात असा. मुंबई इलाख्यात १८४७ साली डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांना वनसंरक्षक नेमले गेले. पुढच्याच वर्षी साताऱ्याचे राज्य खालसा झाले. १८७८ च्या वनकायद्याने 'राखीव' आणि 'संरक्षित' हे शब्द आले आणि पिढ्यानपिढ्यांची चराई, सरपण, माती, पालापाचोळा हे सरकारच्या परवानगीचे विषय झाले. त्याआधी १८७१ सालीच गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा होऊन कोंडवाड्याला बळ मिळाले होते. या व्यवस्थेचा पहिला मोठा टीकाकार कोण? १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिणारे जोतीराव फुले. डोंगर आणि गायराने जंगलखात्याच्या घशात गेल्यामुळे गरिबाच्या गुराढोरांचे काय झाले, हे त्यांनी त्या काळात मांडले. आमच्या निसर्गप्रेमी लेखनाने ही परंपरा आपली मानली असती तर आज हा लेख लिहावा लागला नसता.

साहेब फिरतीवर आला की त्याचे ओझे कोण वाहत असे? घोड्याला गवत, चुलीला लाकूड, वाटेला वाटाड्या कोण पुरवीत असे? गावकामगार महाराच्या वतनी कामांत फिरतीवरच्या सरकारी माणसाची सरबराई होतीच. पगार म्हणाल तर तुटपुंजा, आणि बाकी भाकरतुकड्यावर व इनामाच्या तुकड्यावर. या गुलामीच्या मुळावर घाव घालण्यासाठी डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात १८७४ च्या वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. कनिष्ठ गाववतने नष्ट करणारा कायदा झाला तो १९५८ साली. म्हणजे ठाण्याच्या मागची खोली आणि महारवतन हे एकाच व्यवस्थेचे दोन भाग आहेत. त्यांतला एक कायद्याने गेला. दुसरा दगडात अजून उभा आहे, आणि तो पाहता येतो.

मराठी साहित्याने या बंगल्याचे काय केले, तेही पाहिले पाहिजे. आपल्याकडे रानावर लिहिण्याची एक चांगली परंपरा आहे. व्यंकटेश माडगूळकरांचे 'नागझिरा' त्यात येते, मारुती चितमपल्लींचे लेखन येते. चितमपल्ली स्वतः वनखात्यात होते आणि रानातल्या माणसांचे शब्द त्यांनी मराठीत आणले, हे ऋण मान्यच केले पाहिजे. परंतु या परंपरेचा एकंदर मुक्काम बंगल्यात आहे. लेखक व्हरांड्यात बसतो, पहाट होते, पाखरू बोलते. चहा येतो. तो चहा कोणी केला, तो माणूस रात्री कोठे निजला, त्याच्या गावाचे सरपण कोणत्या वर्षी बंद झाले, हे त्या परंपरेच्या कक्षेत क्वचितच येते. हा कोणा एका लेखकाच्या प्रतिभेचा कमीपणा नव्हे. जेथून पाहिले तेथून जे दिसते ते त्यांनी लिहिले.

दुसरीकडून पाहणारे साहित्यही याच मुलखातले आहे. अण्णा भाऊ साठे वाटेगावचे. १९५९ च्या 'फकिरा'तला वारणाकाठ हा सृष्टिसौंदर्याचा पडदा नाही. हजेरी लावणारे सरकार आणि पोटातली भूक यांच्यामध्ये सापडलेल्या माणसाला तेथे डोंगर आसरा देतो. शंकरराव खरात आटपाडीचे. त्यांचे 'तराळ अंतराळ' (१९८१) वाचले की गावकीचे आणि सरकारचे काम एकाच पाठीवर कसे लादले जात होते ते कळते. ही पुस्तके मागच्या खोलीच्या दारातून जग पाहतात. ठाण्याचे जतन करणाऱ्याने ती वाचलेली नसतील तर त्याला आपण काय जतन करतो आहोत हेच ठाऊक नाही, असे म्हणावे लागते.

ठाण्याच्या दारावर लोक गेले तेव्हाचीही नोंद हवी. १९३० च्या जंगल सत्याग्रहात शिराळा तालुक्यातले बिळाशी पेटले. ते गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते. सांगलीचा भाग वेगळा झाला १९४९ साली. त्याच १९३० च्या २५ सप्टेंबरला उरणजवळ चिरनेरच्या रानात गोळीबार झाला आणि हुतात्म्यांत नाग्या महादू कातकरी होता. हुतात्म्यांचे स्मारक झाले हे योग्यच. पण ज्या खात्याविरुद्ध हे लोक उठले त्याचे ठाणे 'ब्रिटिशकालीन सुंदर वास्तू' एवढ्याच पाटीने ओळखले जावे, हा इतिहासाचा अर्धा भाग कापून टाकण्याचा प्रकार आहे.

हा प्रकार केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेत वनरक्षकांची जुनी ठाणी मोठ्या निगुतीने जपतात. त्यांतली पुष्कळ बांधकामे १९३३ ते १९४२ या काळात मंदीतल्या बेकार तरुणांच्या सरकारी पथकांनी उभी केली. त्या पथकांत काळ्या तरुणांच्या तुकड्या वेगळ्या ठेवल्या जात. १९०३ साली सिक्वोया राष्ट्रीय उद्यानाचा कारभार चार्ल्स यंग या काळ्या लष्करी अधिकाऱ्याकडे होता आणि त्याच्या काळ्या सैनिकांनी तेथले रस्ते केले. त्याच्या घराला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळायला २०१३ साल उजाडले. योसेमिटीच्या दरीत मूळ रहिवाशांची वस्ती उद्यानाच्या प्रशासनाने १९६९ पर्यंत मोडून काढली. आता त्यांचे वंशज त्याच जागी ती पुन्हा उभारीत आहेत. दलित पँथरने १९७२ साली ज्यांच्याकडून नाव घेतले त्यांच्या देशातला हा अनुभव आपल्याला परका वाटू नये. मोडलेले पुन्हा उभे करणे फार कठीण असते, एवढे त्यातून निश्चित शिकता येते.

आता कोयनानगरचा खास प्रश्न. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे येथे भूकंप झाला आणि पावणेदोनशेच्या आसपास माणसे गेली. धरण टिकले, दगडमातीची घरे कोसळली. जुन्या दगडी भिंतीला दोन कातडी असतात, मध्ये भर असते. हादऱ्याने ती दोन कातडी फाकतात आणि छप्पर खाली येते. म्हणून येथे जतन म्हणजे नुसता गिलावा नव्हे. भिंतीच्या आरपार जाणारे दगड बसवणे, चौकटींच्या वर आणि छपराखाली सलग पट्टा फिरवणे, कोपरे बांधून घेणे ही कामे आधी. बंगल्याच्या भिंती मुळात बऱ्या असतात, मागच्या खोल्यांच्या कच्च्या. तेव्हा पैसा कमी पडला की कोणती भिंत सुटणार हे सांगायला ज्योतिषी नको. खर्चाच्या अंदाजपत्रकातच मागच्या खोल्यांचे काम प्रथम धरावे, असा आग्रह म्हणूनच धरायचा.

याच खोऱ्यात सुमारे शंभर गावे धरणाने उठली. धरणाचे काम १९५६ ते १९६४ चे आणि महाराष्ट्राचा पहिला पुनर्वसन कायदा १९७६ चा. ज्या वर्षांत महारवतने खालसा होत होती त्याच वर्षांत खाली भिंत चढत होती. जमिनीच्या बदल्यात जमीन हा हिशेब ज्याच्याजवळ जमीन आहे त्याच्यासाठी असतो. भूमिहीनाच्या रानावरच्या जगण्याचा सातबारा कोठे होता? तो असलाच तर ठाण्याच्या दप्तरात आहे.

आणि येथेच 'पडू द्या' म्हणणाऱ्या मित्रांशी माझा मतभेद आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात अनुसूचित जमातींखेरीज इतर पारंपरिक वननिवासींनाही हक्क आहे. अट अशी की १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, त्यांचे वास्तव्य आणि रानावरची उपजीविका सिद्ध झाली पाहिजे. दलित, भटके, गवळी-धनगर यांचे दावे या अटीवर अडतात. २००८ च्या नियमांत जे पुरावे धरले आहेत त्यांत सरकारी कागद व वनखात्याचे अहवाल आहेत, वडीलधाऱ्यांची निवेदने आहेत, आणि घरे, झोपड्या, विहिरी, दफनभूमी अशा प्रत्यक्ष खुणाही आहेत. चौकीदाराच्या खोलीत कोणी राहिला म्हणून त्याचा हक्क आपोआप सिद्ध होतो असे नव्हे. पण चराईच्या पावत्या, कोंडवाड्याची वही, गुन्ह्यांचे रजिस्टर, रोजंदारीचे हजेरीपट यांतून अमुक गावची अमुक माणसे अमुक रानात तीन पिढ्या वावरत होती हे दिसू शकते. आजोबाला सरपणासाठी झालेला दंड नातवाच्या दाव्याला आधार देऊ शकतो. ठाणे पडू दिले, दप्तर वाळवीला दिले, तर आपण शोषकाची खूण पुसत नाही; त्याच्याविरुद्धचा साक्षीदार मारतो.

म्हणून ठाणे राखावे, पण सबंध राखावे. मागच्या खोल्या, कोंडवाडा, स्वयंपाकघर यांचा नकाशा आणि मोजमापे आधी घ्यावीत, पाडापाडीचा विचार नंतर. दप्तराची यादी करून त्याच्या नकला ग्रामसभांना द्याव्यात. तेथे राबलेल्या आणि तेथे दंड भरलेल्या माणसांच्या तोंडच्या हकिकती, ती माणसे हयात आहेत तोवर, त्यांच्याच बोलीत टिपून घ्याव्यात. महाविद्यालयांतल्या मराठी आणि इतिहासाच्या शिक्षकांनी एका सुट्टीत विद्यार्थ्यांना घेऊन हे काम केले तर त्यासाठी कोणत्याही खात्याच्या अनुदानाची वाट पाहावी लागणार नाही. आणि पाटी लिहायची वेळ येईल तेव्हा बंगला कोणत्या साली बांधला याच्याबरोबर, त्या सालापासून कोणत्या गावांची चराई बंद झाली तेही तिच्यावर लिहिले गेले पाहिजे. ती गावे कोणती, हे शोधून काढण्याचे काम आपले आहे.