पाचटातला कार्बन: ठेव की उसनवार?

ऊस तुटून गेला, की कराड-वाळव्याकडच्या शिवारात अजूनही काही ठिकाणी पाचट पेटवले जाते. ते जाळू नका, सरीत कुजवा, असे कृषी विभाग वर्षानुवर्षे सांगत आला आहे. सल्ला चांगलाच आहे. पाचटाच्या आच्छादनाने ओल टिकते, तण कमी होते, गांडुळे वाढतात. अलीकडे मात्र त्याला एक पुस्ती जोडली जाते: पाचट कुजवले की हवेतला कार्बन जमिनीत साठतो आणि हवामानबदलाला आळा बसतो. हे विधान विद्यार्थ्यांपुढे ठेवण्याआधी आपण ते तपासून पाहू.

२०१५ साली पॅरिसच्या हवामान परिषदेत फ्रान्सने ‘दर हजारी चार’ ही कल्पना मांडली. जमिनीतील सेंद्रिय कार्बन दरवर्षी या प्रमाणात वाढवावा, असे तिचे म्हणणे. आता आपल्या शेताचे गणित करू. एक हेक्टरवरील वरच्या १५ सें.मी. मातीचे वजन सुमारे २००० टन. सेंद्रिय कार्बन ०.५ टक्के धरला, तर तो झाला १० टन. दर हजारी चार म्हणजे वर्षाला ४० किलो. समजा, त्याच शेतात ८ टन वाळलेले पाचट पडले. त्यात कार्बन साधारण ४० टक्के, म्हणजे ३२०० किलो. मग ४० किलो साठवणे अगदीच सोपे की!

गफलत इथेच होते. पाचटातला बहुतेक कार्बन कुजताना जिवाणू-बुरशींच्या श्वसनावाटे हवेत परततो. मातीच्या कणांना धरून मागे राहतो तो थोडाच. ४० किलोंची भर पडली, तरी ०.५०० चे ०.५०२ टक्के होणार; नेहमीच्या माती परीक्षणात एका वर्षात ती दिसणारच नाही. शिवाय पाचट लवकर कुजावे म्हणून युरिया टाकतात. त्यातून थोडा नायट्रस ऑक्साइड सुटतो. शंभर वर्षांच्या हिशोबात तो वजनास वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट उष्णता अडवतो. हिशोबातून तोही वजा करायला हवा. आणि पाचट देणे थांबले, खोल नांगरट झाली, की साठलेला कार्बन पुन्हा हवेची वाट धरतो.

माण, आटपाडी, जत या कोरडवाहू भागांत तर प्रश्नच वेगळा. तिथे ज्वारीचा कडबा जनावरांच्या दावणीत जातो. जमिनीला द्यायला उरते काय? कृष्णाकाठचा हिशोब तिथे लावता येत नाही.

कार्बनसाठी पैसे देऊ करणाऱ्या योजना आता शेतकऱ्यांच्या दारी येऊ लागल्या आहेत. आपल्या वर्गातील मुलांपैकी अनेकजण शेतकऱ्यांच्या घरातलीच. वरचे गणित फळ्यावर सोडवून घ्या आणि त्यांना तीन प्रश्न विचारायला शिकवा: कार्बन किती खोलीपर्यंत मोजला? पुन्हा केव्हा मोजणार? मध्ये खंड पडला, तर भरपाई कोणी करायची?

पाचट जरूर कुजवावे. त्याचा लाभ जमिनीला याच हंगामात मिळतो. कार्बनची ठेव मात्र मोजून दाखवल्याशिवाय खात्यावर मांडू नये.