सत्तर तारे आणि न संपणारा जिना

मागच्या दोन व्याख्यानांत आपण साध्य आणि साधन या जोडीविषयी बोललो. आज त्याच विषयाचं एक उदाहरण घेऊ, आणि ते व्हिडिओ गेममधलं आहे. तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने या वयात मारिओवर बोलावं याचं काहींना हसू येईल. येऊ द्या.

'सुपर मारिओ ६४' हा निन्टेन्डोचा खेळ १९९६ साली आला, दिग्दर्शक शिगेरु मियामोतो. उड्या मारत, चढत, पडत पुढे जायचं, अशा खेळांना प्लॅटफॉर्म गेम म्हणतात. १९८५च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्ये उजवीकडे धावत सुटायचं आणि झेंड्याचा खांब गाठायचा. वाटेत नाणी असत, शंभर जमली की एक जीव जास्त मिळे. पण एकही नाणं मुद्दाम न घेता खेळ पुरा करता येई. नाणी ताटातल्या चटणीसारखी होती, जेवण नव्हे.

मग खेळ त्रिमितीत गेला आणि एक साधीच अडचण आली. चहूकडे मोकळं रान असेल तर 'पुढे' म्हणजे कुठे? खेळाने दिलेलं उत्तर म्हणजे तारे. राजकुमारी पीचच्या किल्ल्यात भिंतींवर चित्रं टांगलेली आहेत, चित्रात उडी मारली की आपण त्या जगात. अशी १५ जगं, प्रत्येकात ७ तारे, आणि आणखी १५ किल्ल्याच्या कानाकोपऱ्यांत. एकूण १२०. दारांवर आकडे आहेत: इथे ८ तारे हवेत, तिथे ३०, पुढे ५०. शेवटच्या जिन्यासाठी ७०.

ऐकताना हा वाण्याचा हिशेब वाटतो ना? पण पहिल्याच जगातला तो डोंगर बघा. पहिला तारा हवा असेल तर माथ्यावरच्या बॉम्ब-राजाला उचलून तीनदा आपटायचं. दुसऱ्यासाठी एका कासवाशी माथ्यापर्यंत शर्यत लावायची. तिसऱ्यासाठी तोफेत शिरून हवेत तरंगणारं बेट गाठायचं. मग ८ लाल नाणी शोधा, मग पंखांची टोपी घालून उडा. साखळीला बांधलेला एक भुंकणारा लोखंडी गोळा आहे. त्याची खुंटी जमिनीत ठोकली की तो सुटतो आणि मागचं फाटक फोडतो, तिथे आणखी एक तारा. सातवा शंभर नाण्यांचा. डोंगर तोच आहे, इंचभरही बदललेला नाही. शर्यतीत तो रस्ता असतो, तोफेतून सुटल्यावर खाली दिसणारा नकाशा असतो, लाल नाणी शोधताना घराची अडगळ. माझं म्हणणं एवढंच आहे की चांगला तारा म्हणजे जागेला विचारलेला प्रश्न. हातात पडते ती वस्तू त्या उत्तराची खूण.

आणखी दोन गोष्टी. एक, दार तारे *घेत* नाही, फक्त मोजतं. खर्च होत नाही तो पैसा नव्हे. दुसरी, १२० पैकी ५० तारे सोडून देता येतात. एखादा प्रश्न आवडला नाही तर पुढच्याकडे जा. परीक्षेत आपण 'कोणतेही पाच सोडवा' म्हणतो तसं.

बर्नार्ड सूट्स यांचं 'द ग्रासहॉपर' हे पुस्तक १९७८चं. त्यांच्या मते खेळणं म्हणजे अनावश्यक अडथळे आपखुशीने ओलांडू पाहणं. एरवी आपण साध्यासाठी साधन पत्करतो, खेळात साधनासाठी साध्य पत्करतो. याची कसोटी मारिओतच आहे. एकदा मिळवलेल्या ताऱ्याच्या जागी पुन्हा गेलात तर तो निळसर, आरपार दिसणारा होऊन तिथे असतो. घेता येतो, पण आकडा वाढत नाही. तरीही त्या शर्यतीत पुन्हा धावणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यांना साधन आवडलेलं असतं.

आता हीच कल्पना कुठे बिघडते ते पाहू. रेअर या कंपनीचा 'बॅन्जो-काझुई' १९९८चा. त्यात ९ जगं आणि प्रत्येकात १०० सोनेरी सूर, म्हणजे संगीताच्या खुणा. शेवटच्या लढाईपर्यंत जायला ९०० पैकी ८१० लागतात. मोकळीक किती आक्रसली बघा. पण या खेळाचा एक नियम मला विचार करायला लावतो. मूळ खेळात मेलात किंवा जगाबाहेर पडलात की त्या खेपेचे सूर गेले; राहतो तो फक्त तुमचा उच्चांक. पुढे २००८च्या एक्सबॉक्स आवृत्तीत घेतलेला सूर कायमचा जमा होऊ लागला. सगळ्यांना हायसं वाटलं. जुन्या नियमात मात्र शंभर सूर ही एकसंध कामगिरी होती, एका दमात म्हटलेल्या बंदिशीसारखी. नव्यात ती भिशी झाली. मी जुन्याच्या बाजूचा आहे. अर्थात ९५ सुरांवर मेलेल्या पोराला हे समजावायला मी जाणार नाही.

त्याच कंपनीचा 'डाँकी काँग ६४' १९९९चा. २०१ सोनेरी केळी, आणि शिवाय साधी रंगीत केळी ३५००. पाच माकडं, पाच रंग. डाँकीला पिवळी, डिडीला लाल, लँकीला निळी, टायनीला जांभळी, चंकीला हिरवी. समोर लाल केळं आहे, हात पोचतो, पण तुम्ही आत्ता डाँकी आहात. मग मागे चालत जा, माकड बदलायच्या पिंपात शिरा, डिडी होऊन परत या. त्याच वाटेवर हिरवं केळं दिसलं होतं? पुन्हा पिंपाकडे. इथे जागेला कुठला प्रश्न विचारला जातोय? काहीच नाही. उत्तर डोळ्यांसमोर आहे, फक्त पायपीट बाकी आहे. याला मराठीत वेठ म्हणतात. आमच्या पेशातही बढतीसाठी गुण जमवण्याची पद्धत आली होती: चर्चासत्राला हजेरी इतके गुण, निबंध छापला की इतके. निबंधात काय लिहिलंय हे विचारणारं माकड कुठल्याच पिंपात नव्हतं. (हशा)

तुम्ही म्हणाल, जमवण्याचा म्हणून एक आनंद असतोच की. असतो. आम्ही काडेपेट्यांवरची चित्रं जमवायचो. पण तिथे प्रत्येक चित्र वेगळं असे, हवं असे ते *ते* चित्र. १२० तारे सगळे एकसारखे. त्यांना वेगळेपण येतं ते कशासाठी मिळाले त्यातून. ते काढून घेतलं की हातात नुसता आकडा राहतो. २०१७च्या 'सुपर मारिओ ओडिसी'त ताऱ्यांऐवजी चंद्र आहेत, शेकड्यांनी. त्यांतले कित्येक सुंदर प्रश्न आहेत, आणि एखादा दुकानात १०० नाण्यांना विकतही मिळतो. दोघांची नोंद एकाच वहीत, एकाच वजनाने.

आता तो ७० ताऱ्यांचा जिना. तारे कमी असताना तुम्ही चढू लागलात तर जिना संपतच नाही. संगीताचा सूर चढतोय, चढतोय असं वाटत राहतं, आणि मागे वळलात की तुम्ही पायथ्याशी! आकड्याची अट इथे पाटीवर न राहता पायांना कळते. खेळाडूंनी यालाही वाट काढली. मारिओला उलट्या दिशेने लांब उड्या मारायला लावून इतका वेग साठवायचा की तो जिना ओलांडूनच जातो. पुढे तर एकही तारा न घेता खेळ संपवणारे निघाले. यांनी साध्य झुगारून दिलं म्हणावं, तर त्यांच्या शर्यतींची नावं काय? १२० ताऱ्यांची, ७० ताऱ्यांची, १६ ताऱ्यांची, शून्य ताऱ्यांची. डिझायनरचा प्रश्न त्यांनी टाकून दिला आणि त्याच्या जागी स्वतःचा, त्याहून अवघड ठेवला. सूट्स खूश झाले असते.

आणि सगळे १२० मिळवले तर? किल्ल्याबाहेरची एक तोफ उघडते. तीत बसून छपरावर जायचं. तिथे योशी हा मारिओचा जुना डायनासोर मित्र उभा असतो. तो दोन शब्द बोलतो, १०० जीव देतो आणि छपरावरून उडी मारून निघून जातो. तोवर खेळात करण्यासारखं काही उरलेलं नसतं, मग या जिवांचं करायचं काय? पुष्कळांना हे बक्षीस फसवं वाटलं. मला नाही वाटत. ज्या छपराकडे इतके दिवस खालून बघितलं, त्यावर पहिल्यांदाच मोकळं हिंडता येतं, आणि तिथे एकही तारा ठेवलेला नाही.

चला, प्रश्न घेऊ या.