दोन आवाहने : करुणेचे आलंबन आणि मागणीचे संबोधन

समाजमाध्यमांवरून लोकांना एखाद्या सत्कार्यास प्रवृत्त करण्यासाठी जे लेखन वा चित्रण होते, त्याचे मोजमाप बहुधा आकड्यांनी केले जाते. किती जणांनी पाहिले, किती जणांनी पुढे धाडले, किती निधी जमला, इतके सांगितले की परीक्षण संपले अशी समजूत दिसते. हे आकडे निरुपयोगी नव्हेत. परंतु ते प्रसाराचे माप आहेत. ज्या कृतीसाठी आवाहन केले ती कृती घडली काय, आणि न घडली तर तिचे बीज आवाहनाच्या रचनेतच होते काय, हा प्रश्न त्यांच्या गर्दीत हरवतो. आवाहन हा वक्तृत्वाचाच एक प्रकार आहे. कोणी, कोणाला उद्देशून, कोणत्या शब्दांत काय मागितले हे पाहणे समीक्षेच्या कक्षेबाहेरचे नाही. या दृष्टीने दोन उदाहरणे अभ्यसनीय आहेत. पहिले, ‘कोनी २०१२’ हा अमेरिकेत निर्माण झालेला लघुपट. दुसरे, इंग्लंडचा फुटबॉलपटू मार्कस रॅशफर्ड याने १५ जून २०२० रोजी ट्विटरवर प्रसिद्ध केलेले, पार्लमेंटच्या सर्व सभासदांना उद्देशून लिहिलेले अनावृत पत्र.

‘कोनी २०१२’ हा सुमारे तीस मिनिटांचा लघुपट ‘इन्व्हिजिबल चिल्ड्रन’ या संस्थेने ५ मार्च २०१२ रोजी प्रसारित केला आणि सहा दिवसांत तो दहा कोटी वेळा पाहिला गेला. जोसेफ कोनी हा ‘लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मी’ या सशस्त्र टोळीचा म्होरक्या. मुलांना पळवून नेऊन त्यांच्या हाती शस्त्रे देणे, मुलींना दास्यात ठेवणे, या अत्याचारांबद्दल आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने २००५ मध्येच त्याच्यावर पकड-हुकूम काढला होता. लघुपटाची प्रतिज्ञा अशी की, कोनीचे नाव जगभर प्रसिद्ध केले म्हणजे सरकारांवर दडपण येईल आणि २०१२ हे वर्ष सरण्यापूर्वी तो पकडला जाईल.

विषय खरा, अत्याचार खरे, निर्मात्यांची तळमळही कृत्रिम वाटत नाही. तरी या कृतीची घडण पाहू गेल्यास एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. चित्रपट युगांडात सुरू होत नाही. दिग्दर्शक जेसन रसेल याच्या मुलाच्या जन्मापाशी तो लवकरच येऊन पोचतो. पुढे तो लहान मुलगा बापासमोर टेबलाशी बसतो, बाप त्याला कोनीचे छायाचित्र दाखवून हा दुष्ट मनुष्य असल्याचे समजावतो, आणि प्रेक्षकाला सर्व प्रकरण त्या बालकाच्या आकलनाच्या उंचीवरून दिसू लागते. भावाच्या हत्येची आठवण सांगताना जेकब हा युगांडातील मुलगा रडतो, तो प्रसंग अंतःकरण हलविणारा आहे. परंतु त्याचे अश्रू लगेच दिग्दर्शकाने दिलेल्या वचनात विरून जातात आणि तेथून पुढे कथा जेकबची राहत नाही, वचन देणाराची होते. संस्कृत साहित्यशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर करुणाचे आलंबन जेकब असावयास हवे होते. प्रत्यक्षात आलंबन ठरतो तो रसेलचे निरागस बालक, आणि रसही करुण न राहता उत्साहस्थायी वीराकडे झुकतो: हात उंचावणारे तरुण, रातोरात शहरांच्या भिंतींवर लागावयाची भित्तिपत्रे, मनगटावरचे कडे. या वीराचा नायक कोण? पाहणारा स्वतः.

येथेच या प्रकारच्या सर्व आवाहनांतील मूळ पेच लपलेला आहे. रसास्वाद हा कृतीत परिणत होत नाही, तो आपल्याच ठायी विश्रांत होतो, ही अभिनवगुप्तांची भूमिका काव्यनाट्यापुरती मान्य करण्यास कोणाचीही हरकत नसावी. आवाहनाला मात्र नेमकी उलट अपेक्षा असते: पाहणाराने अस्वस्थ होऊन उठावे, काही करावे. ‘कोनी २०१२’ कलाकृती म्हणून इतका गोळीबंद आहे, त्याचे संगीत, त्याची गती, त्याचा शेवट इतके परिपूर्ण आहेत, की तो संपता संपता प्रेक्षकाची भावना तृप्त होऊन जाते. उरते ते फक्त तो दुसऱ्याला पाठविणे. ही सुलभ क्रियाच कृतीची जागा घेते. २० एप्रिल २०१२ च्या रात्री शहरेच्या शहरे भित्तिपत्रांनी झाकून टाकण्याचा संकल्प होता. प्रत्यक्षात त्या रात्री फारच थोडे लोक रस्त्यावर उतरले. वर्ष संपले, कोनी सापडला नाही. त्याच्या शोधात साह्य करण्यासाठी सुमारे शंभर लष्करी सल्लागार धाडण्याचे अमेरिकेने ऑक्टोबर २०११ मध्ये, म्हणजे लघुपटापूर्वीच, जाहीर केले होते. ती मोहीमही २०१७ मध्ये त्याला न पकडताच आवरती घेण्यात आली.

या लघुपटाचे सर्वांत कठोर परीक्षण कोणा लेखकाने केले नाही. ते उत्तर युगांडातील लिरा या गावी झाले. मार्च २०१२ मध्ये तेथे त्याचा जाहीर खेळ लावण्यात आला. जमलेल्यांत कोनीच्या टोळीने आप्तांना मारलेले, अंगविच्छेद केलेले लोक होते. आपले दुःख दिसेल म्हणून ते आले आणि त्यांना पडद्यावर दिसले एक परदेशी कुटुंब. ज्याने आपल्याला उद्‌ध्वस्त केले त्याचे नाव सदऱ्यांवर छापून मिरवावे, ही कल्पनाच त्यांना असह्य झाली. दगडफेक झाली आणि पुढील खेळ रद्द करावे लागले. कोनीने उत्तर युगांडा २००६ च्या सुमारासच सोडला होता, ही गोष्ट लघुपटात येते ती ओझरती. साधारणीकरणाने देशकालाची बंधने गळून पडतात असे म्हणतात. पण ज्याला अमुक देशी, अमुक काळी काही घडवून आणावयाचे आहे, त्याने देशकालच गाळून टाकला तर त्याच्या हाती काय उरणार?

रॅशफर्डचे पत्र या पार्श्वभूमीवर वाचले म्हणजे त्याची रीती किती निराळी आहे हे कळते. प्रसंग असा होता: महासाथीमुळे शाळा बंद पडल्यावर मोफत शालेय भोजनास पात्र असलेल्या मुलांच्या कुटुंबांना आठवड्याला मुलामागे १५ पौंडांची अन्नव्हाउचरे देण्यात येत होती, उन्हाळी सुटीत ती बंद करण्याचे सरकारने ठरविले होते. इंग्लंडमध्ये अशी मुले सुमारे तेरा लाख. रॅशफर्ड तेव्हा बावीस वर्षांचा होता आणि मार्चपासून ‘फेअरशेअर’ या अन्नवाटप करणाऱ्या संस्थेसाठी निधी उभा करीत होता.

पत्राचा आरंभ मैदानावर होतो: २७ मे २०१६ रोजी सुंदरलंड येथे इंग्लंडकडून पहिल्याच सामन्यात गोल केल्याची आठवण. हा प्रसिद्ध माणसाचा नेहमीचा आरंभ आहे. वाचक येथे आत्मगौरवाची अपेक्षा करतो. परंतु दोनचार वाक्यांतच लेखक त्या क्षणाचे श्रेय आईकडे, शेजाऱ्यांकडे, प्रशिक्षकांकडे, न्याहारी-वर्गांकडे आणि मोफत भोजनाकडे वळवितो. आई पूर्णवेळ काम करी, किमान वेतन मिळवी, आणि तरी ते पुरत नसे. या साध्या विधानात पत्राचा सगळा युक्तिवाद सामावला आहे, कारण गरिबी ही आळसाची शिक्षा होय या प्रचलित समजुतीला ते वाद न घालता निरुत्तर करते. येथे आलंबन शोधण्यास दूर जावे लागत नाही. बोलणारा स्वतःच त्या उपाशी मुलांपैकी एक होता. त्याची कीर्ती त्याला ऐकवून घेण्याचा अधिकार देते, त्याचे बालपण त्याला बोलण्याचा अधिकार देते. या दोन अधिकारांत गल्लत होऊ न देणे हे या पत्राचे खरे यश मानावे लागेल.

प्रतिमा एकच आहे, पण नेमकी. टाळेबंदीत जेवण चुकलेल्या मुलांची संख्या सांगताना तो म्हणतो की, त्या मुलांनी वेम्बलीचे मैदान दोनदा भरूनही उरेल. नव्वद हजार प्रेक्षकांचे ते मैदान इंग्रज वाचकाच्या मनात जयघोषाशी जोडलेले आहे. तेथे त्याला उपाशी मुले बसलेली दिसतात. ही उपमा खेळाडूलाच सुचावी अशी, आणि म्हणूनच सजावटीची वाटत नाही.

संबोधनाविषयी थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे. हे पत्र वाचले लक्षावधींनी. उद्देशिले मात्र निर्णय घेऊ शकणाऱ्या काही शेकड्यांना. मराठीत पत्ररूपाने समाजाला डिवचण्याची परंपरा १८४८ पासून ‘प्रभाकर’मध्ये आलेल्या लोकहितवादींच्या शतपत्रांइतकी जुनी आहे. तेथे पत्रकर्ता टोपणनावाआड राहतो आणि बोलतो तो साऱ्या समाजाशी. मागणी असते ती वृत्ती पालटण्याची, जिला मुदत घालता येत नाही. रॅशफर्ड नाव पुढे करतो, संबोधन आवळतो आणि मागणी एका ओळीची करतो: उन्हाळ्यात व्हाउचरे चालू ठेवा. तो पक्षभेद बाजूस ठेवण्यास सांगतो, निर्णय फिरविण्यात कमीपणा नाही असे सुचवितो, आणि देशाचे डोळे तुमच्याकडे आहेत याची आठवण देतो. विनंतीच्या आड दडलेला हा धाक सभ्य आहे, पण धाकच आहे. १५ जूनला सरकारने नकार दिला. १६ जूनला १२ कोटी पौंडांची उन्हाळी योजना जाहीर झाली.

एवढ्यावर थांबले तर हे परीक्षण स्तुतिपाठ होईल. २१ ऑक्टोबर २०२० रोजी सुट्यांतील भोजनाचा ठराव कॉमन्स सभेत २६१ विरुद्ध ३२२ मतांनी फेटाळला गेला, तेव्हा त्याच शब्दांचा तोच परिणाम झाला नाही. त्यानंतरच्या दिवसांत रॅशफर्डने केले ते वाङ्मयदृष्ट्या नगण्य आणि तरी फार बोलके होते. मुलांना मोफत जेवण देऊ करणाऱ्या गावोगावच्या उपाहारगृहांची, दुकानांची, नगरसभांची निवेदने तो एकामागून एक पुढे पाठवीत राहिला. त्यात स्वतःचे भाष्य जवळजवळ नव्हते. अलंकार नाही, भावनावेग नाही, केवळ यादी. पण कोठे जावे हे भुकेल्या घराला त्या यादीवरून कळत होते. ८ नोव्हेंबरला सरकारने १७ कोटी पौंडांचे हिवाळी अनुदान घोषित केले.

आक्षेप उरतोच. भूकनिवारणाच्या संस्था हीच मागणी आधीपासून करीत होत्या. तिला कान मिळाले ते चेंडू मारणाऱ्या पायांमुळे. मुलांचे जेवण एका खेळाडूच्या लोकप्रियतेवर अवलंबून राहावे ही स्थिती त्या पत्राने निर्माण केली नाही, पण ती उघडीही केली नाही. पत्रात व्यवस्थेवर एक वाक्य आहे. भर माणुसकीवर आहे. माणुसकीला केलेली विनंती दर सुटीत नव्याने करावी लागते, हक्काचे तसे नसते, आणि ऑक्टोबरात नेमके हेच घडले.

जानेवारी २०२१ मध्ये शाळा पुन्हा बंद झाल्यावर घरोघर धाडलेल्या अन्नपेटीचे एक छायाचित्र ट्विटरवर आले. पाव, थोडे बटाटे, गाजरे, सफरचंदे, घेवड्याचा एक डबा, असा सगळा ऐवज जमिनीवर मांडून एका आईने तो टिपला होता. तिने आपले खरे नाव दिले नव्हते. रॅशफर्डने अशी चित्रे पुढे पाठविली, पंतप्रधानांनी त्या पेट्यांचा निषेध केला, आणि त्याच महिन्यात व्हाउचरांची राष्ट्रीय योजना पुन्हा चालू झाली. त्या चित्रातील मांडणी, वस्तूंमधल्या रिकाम्या जागा, यांचे श्रेय त्या अनामिक आईचे आहे; समाजमाध्यमांच्या इतिहासात ते बहुधा दुसऱ्याच नावावर मांडले जाते.