सुपरक्रिटिकल कार्बन डायऑक्साइड ऊर्जाचक्र : शीतनाचा उपेक्षित प्रश्न

सुपरक्रिटिकल कार्बन डायऑक्साइडवरील वीजनिर्मितीच्या विवेचनात कार्यक्षमतेचे आकडे ठळकपणे मांडले जातात; शीतनाचा प्रश्न मात्र बहुधा एका गृहीतकात उरकला जातो. कॉम्प्रेसरच्या प्रवेशाशी तापमान कायम ३२ अंश सेल्सिअस धरले की गणित सुबक जमते. या वायूचा क्रांतिक बिंदू सुमारे ३१ अंश व ७.३८ मेगापास्कल येथे आहे. त्याच्या सान्निध्यात वायू द्रवासारखा दाट होतो आणि तो दाबण्यास ऊर्जा कमी लागते. चक्राचे आकर्षण यात आहे, तशीच अडचणही. ८ मेगापास्कल दाबाखाली तापमान ३२ वरून ४० अंशांवर जाताच घनता निम्म्याहूनही खाली येते. दुपारच्या उन्हाने कॉम्प्रेसरवरील भार वाढतो. रात्रीच्या गारव्यात शीतन आवरले नाही व दाबही घसरला, तर द्रव-वायू मिश्रण आत शिरण्याचा धोका संभवतो. पाणी विपुल असेल तेथे त्याचा प्रवाह कमीजास्त करून हे सावरता येते. परंतु हे चक्र ज्या सौरऊर्जेसाठी सुचविले जाते, ती बव्हंशी वाळवंटात. तेथे उन्हाळ्यातील हवाच क्रांतिक तापमानाहून उष्ण! मग चक्रात जादा वायू सोडून प्रवेशदाब वाढवावा लागतो, आणि हे क्षणात साधत नाही. अमेरिकेतील सॅन अँटोनिओ येथील १० मेगावॅट क्षमतेच्या प्रायोगिक संयंत्राने २०२४ मध्ये वीज निर्माण केली, ही उपलब्धी मोठीच. तथापि, स्थिर स्थितीतील एका आकड्याऐवजी स्थळाच्या वर्षभरातील तापमानांनुसार काढलेली कार्यक्षमता अभ्यासकांनी मागावयास हवी.