पत, प्रतिमा आणि आत्मकथन : बेंजामिन फ्रँकलिन यांच्या आत्मचरित्राच्या निमित्ताने

व्यवसायात नाव मिळवायचे असेल तर स्वतःच्या आयुष्याची गोष्ट सांगावी, असा सल्ला व्यक्तिमत्त्व विकासाच्या कार्यशाळांतून आणि व्यवस्थापनाच्या वर्गांतून सातत्याने दिला जातो. ‘ब्रँड’ हा शब्द त्यासाठी रूढ झाल्यामुळे ही कल्पना अगदी अलीकडची असावी असा समज होतो. वस्तुतः तिचे एक ठळक रूप अठराव्या शतकातील अमेरिकन मुद्रक, शास्त्रज्ञ व मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिन (१७०६–१७९०) यांच्या आत्मचरित्रात आढळते. या ग्रंथाकडे प्रायः स्वावलंबनाचा वस्तुपाठ म्हणून पाहिले गेले. एका व्यावसायिकाने आपली पत कशी उभी केली आणि पुढे त्या उभारणीचीच गोष्ट कशी केली, या दृष्टीने त्याचे वाचन केल्यास काही निराळे प्रश्न समोर येतात.

फ्रँकलिन यांनी लेखनास १७७१ मध्ये इंग्लंडमधील ट्वायफर्ड येथे प्रारंभ केला. त्या वेळी त्यांचे वय पासष्ट होते आणि छापखान्याच्या दैनंदिन कामातून निवृत्त होऊन त्यांना दोन तपांच्या आसपास काळ लोटला होता. साबण व मेणबत्त्या करणाऱ्याचा मुलगा, दोन वर्षांहूनही कमी शालेय शिक्षण, थोरल्या भावाच्या छापखान्यातील उमेदवारी, सतराव्या वर्षी बोस्टनहून पलायन आणि फिलाडेल्फियात पाव खात रस्त्याने चालणारा अनोळखी तरुण, हा सारा तपशील सर्वपरिचित आहे. परंतु आत्मचरित्राचे मर्म या दारिद्र्यवर्णनात नाही. ते एका हातगाडीत आहे.

स्वतःचा छापखाना सुरू केल्यावर फ्रँकलिन खरेदी केलेला कागद हातगाडीवर घालून भर रस्त्याने स्वतः ढकलीत नेत. कष्टाळू असणे पुरेसे नाही, कष्टाळू दिसलेही पाहिजे, हे त्यामागील सूत्र त्यांनी कोणताही आडपडदा न ठेवता नमूद केले आहे. साधे कपडे घालणे, रिकामटेकड्यांच्या अड्ड्यावर न दिसणे, शिकारीला वा मासेमारीला न जाणे, हे सारे त्याच सूत्रात बसते. पुस्तकाच्या नादाने कधी कामात खंड पडला तरी तो घरातल्या घरात पडे, म्हणून त्याचा बोभाटा झाला नाही, अशी मिस्कील कबुलीही ते देतात. रात्री उशिरापर्यंत त्यांच्या छापखान्यात चालणारे काम पाहून एका डॉक्टरांनी व्यापाऱ्यांच्या मंडळात त्यांची प्रशंसा केली आणि त्यातून उधारीवर माल पुरविण्याचा प्रस्ताव आला, असे ते सांगतात. मराठीतील ‘पत’ हा शब्द येथे फार उपयोगी पडतो. उधारी मिळण्याची क्षमता आणि समाजातील लौकिक हे दोन्ही अर्थ तो एकाच वेळी वाहतो, आणि फ्रँकलिन यांना नेमके हे दोन्ही एकत्रच हवे होते.

येथे दांभिकतेचा आरोप करणे सोपे आहे. अनेकांनी तो केलाही आहे. मात्र तो पुरेसा वाटत नाही. दांभिक मनुष्य आपली युक्ती लपवितो. फ्रँकलिन ती वाचकाच्या हाती देतात. नम्रता हा गुण आपल्याला प्रत्यक्षात फारसा साधला नाही, त्याचा आभास मात्र बऱ्यापैकी साधला, असे ते सांगतात तेव्हा वाचक हसतो आणि त्यांच्यावर अधिकच विश्वास ठेवतो. आयुष्यातील चुकांना त्यांनी छापखान्यातील शब्द वापरला आहे. भावाशी झालेला करार मोडणे, दुसऱ्याची ठेव खर्च करणे, लंडनला गेल्यावर डेबोरा रीड यांची उपेक्षा करणे, ही सारी त्यांच्या लेखी छपाईतील अशुद्धे होत. अशुद्ध पुढील आवृत्तीत दुरुस्त करता येते. पाप तसे करता येत नाही. शब्दाच्या या एका निवडीने अपराधाचे ओझे हलके झाले आणि सांगणाऱ्याचा व्यवसायही वाचकाच्या ध्यानात राहिला. दोष सांगून विश्वास कमाविण्याची ही रीत आजच्या बहुतेक यशोगाथांत दिसते. फ्रँकलिन यांच्याइतकी विनोदबुद्धी मात्र त्यांत क्वचितच असते.

प्रश्न निर्माण होतो तो न सांगितलेल्या गोष्टींविषयी. पत्नी डेबोरा पुस्तिका घड्या घालून शिवत, दुकान सांभाळीत, कागदासाठी जुन्या चिंध्या विकत घेत, याचा कृतज्ञ उल्लेख ग्रंथात आहे. पण तो उल्लेखापुरताच; कर्तृत्वाची गोष्ट एकाचीच राहते. याहून गंभीर मौन ‘पेनसिल्व्हेनिया गॅझेट’ या १७२९ मध्ये त्यांच्या ताब्यात आलेल्या वृत्तपत्राविषयी आहे. १७३७ मध्ये पोस्टमास्तरपद मिळाल्यावर या पत्राचा खप आणि जाहिराती वाढल्याचे ते सांगतात. त्या जाहिरातींत गुलामांच्या विक्रीच्या आणि पळून गेलेल्या गुलामांच्या व बंधपत्रित नोकरांच्या शोधाच्या जाहिराती होत्या, हे मात्र या गोष्टीत येत नाही. स्वतः करार मोडून पळालेल्या उमेदवाराची कथा जगाला प्रिय झाली. इतर पळालेल्यांची वर्णने त्याच्याच छापखान्यात पैसे घेऊन छापली गेली. फ्रँकलिन यांच्या घरातही गुलाम होते. १७८७ मध्ये ते गुलामगिरीविरोधी संस्थेचे अध्यक्ष झाले आणि १७९० मध्ये त्यांच्या स्वाक्षरीने तसा अर्ज काँग्रेसपुढे गेला, हे खरे आहे. त्यामुळे त्यांच्या अखेरच्या वर्षांविषयी आदर वाढतो. आत्मचरित्रातील रिकामी जागा मात्र भरून निघत नाही.

मराठी वाचकासाठी हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. दया पवार यांच्या ‘बलुतं’पासून (१९७८) मराठी दलित आत्मकथनाने वैयक्तिक अनुभवाला साक्षीचे मोल मिळवून दिले. तेथे सांगणारा स्वतःची लाज, भीती आणि आपल्या माणसांचे दैन्य पणाला लावतो. या लेखनाने वाचकाला जो विश्वास ठेवायला शिकविले, तोच विश्वास उद्योजकाच्या व सल्लागाराच्या आत्मकथनालाही सहज मिळून जातो. दोहोंत दारिद्र्य असते, अपमान असतो, शिक्षणासाठीची धडपडही असते. परंतु एका ठिकाणी दारिद्र्य हा समाजावरील आरोप असतो आणि दुसऱ्या ठिकाणी तो यशाची उंची मोजण्यासाठी घेतलेला पाया असतो. समीक्षेने हा भेद न केल्यास साक्ष आणि जाहिरात एकाच मापाने मोजल्या जातील.

जाहिरात हा शब्द येथे ओढूनताणून आणलेला नाही. १७८३ मध्ये बेंजामिन व्हॉन या मित्राने फ्रँकलिन यांना पत्र लिहून अपुरे राहिलेले चरित्र पूर्ण करण्याचा आग्रह धरला. अमेरिकेत वसाहतीसाठी चांगली माणसे यावीत म्हणून याहून परिणामकारक जाहिरात असणार नाही, असा त्याचा युक्तिवाद होता. पुढे १७८४ मध्ये पॅरिसजवळील पासी येथे दुसरा भाग लिहिताना फ्रँकलिन यांनी हे पत्र ग्रंथात जसेच्या तसे घातले. पहिला भाग मुलाला उद्देशून होता. तो मुलगा, विल्यम, त्या वेळी न्यू जर्सीचा राजनियुक्त गव्हर्नर होता. स्वातंत्र्ययुद्धात तो ब्रिटिशांच्या बाजूने राहिला आणि बापलेकांचे संबंध तुटले. दुसऱ्या भागापासून मुलाला केलेले संबोधन नाहीसे होते. त्या जागी व्हॉनचे पत्र येते, आणि पुढील मजकूर सर्व जनतेसाठी लिहिला जातो.