मराठी वाङ्मयांतील कुत्रा

एखाद्या समाजाला एखाद्या प्राण्याचें ज्ञान कितपत आहे, हें पाहावयाचें असेल तर त्या समाजाच्या वाङ्मयानें त्या प्राण्याला कोणत्या कामीं लावलें आहे, हें प्रथम पाहावें. या कसोटीनें मराठी वाङ्मय तपासूं लागलें असतां गाय, बैल व घोडा यांच्याविषयीं बरेंच कांहीं हातीं लागतें. परंतु आपल्या उंबरठ्यावर अहोरात्र बसणाऱ्या कुत्र्याविषयीं फारच थोडें. त्याचे उल्लेख विपुल आहेत. वर्णन मात्र विरळ आहे.

भाषेपासूनच आरंभ करूं. नळींत घातलेलें शेपूट, कुत्र्याची मौत, हत्तीच्या मागें भुंकणारीं कुत्रीं—आमच्या म्हणींत आणि वाक्प्रचारांत कुत्रा येतो तो बहुधा शिवी म्हणून. ज्या शेपटाच्या वांकडेपणाची आम्ही पिढ्यान्‌पिढ्या थट्टा केली, तें शेपूट म्हणजे त्या मुक्या प्राण्याची अर्धी भाषा होय. ताठ उभारलें कीं आव्हान, पोटाखालीं घातलें कीं भय, कमरेसकट हललें कीं सलगी, हें गुराख्याच्या पोरालाही कळतें. म्हण रचणाऱ्याला तें कळत नसेल असें नव्हे. त्याला तें सांगावयाचेंच नव्हतें.

दुसऱ्या टोंकाला भक्तीचें वाङ्मय. श्रीदत्तात्रेयांच्या पायांशीं चार कुत्रे बसतात ते चार वेदांचे प्रतिनिधि म्हणून. भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागें नामदेव तुपाची वाटी घेऊन धांवतात, तेव्हां त्यांना कुत्र्याच्या ठायीं विठ्ठल दिसत असतो. महाप्रस्थानिक पर्वांत युधिष्ठिर कुत्र्यावांचून स्वर्गांत पाऊल टाकण्याचें नाकारतो, आणि अखेर तो कुत्रा साक्षात् धर्म ठरतो. या कथांचें मोल आम्ही जाणतों. युधिष्ठिराचा नकार तर कुत्र्याचें खरें स्वरूप कळण्यापूर्वींचा आहे, हें त्यांतलें मर्म. परंतु मागून आलेल्या पिढ्यांनीं हें मर्म सोडून शेवट तेवढा उचलला. आदरास पात्र होण्यापूर्वीं कुत्र्यानें देव झालें पाहिजे, असा जणुं दंडकच पडून गेला.

या दंडकाचा कळस आमच्याच जिल्ह्यांत, रायगडावर, दगडी चौथऱ्यावर उभा आहे. शिवछत्रपतींच्या चितेंत उडी घेणाऱ्या वाघ्याच्या कथेला वाङ्मयीन प्रतिष्ठा मिळाली ती राम गणेश गडकरी यांच्या ‘राजसंन्यास’ या अपुऱ्या राहिलेल्या नाटकामुळें. गडकरी १९१९ सालीं निवर्तले; १९३६ सालीं होळकरांच्या देणगीनें गडावर वाघ्याचें स्मारक झालें. समकालीन कागदपत्रांत वाघ्याला आधार नाहीं, असें इतिहासाचे अभ्यासक सांगतात. २०१२ सालीं तो पुतळा हलविला गेला व पुन्हां बसविला गेला. २०२५ सालीं वादानें पुन्हां डोकें वर काढलें. त्या वादाचा निर्णय इतिहासकारांनीं करावा. आमची हरकत निराळी आहे. या कथेंत वाघ्या मरतो, याखेरीज कांहींच करीत नाहीं. सतीच्या आदर्शाला चार पाय लावून आम्ही त्यास कुत्रा म्हटलें! चितेंत उडी घेणाऱ्या निष्ठेला भाकरी लागत नाहीं, तिच्या कानांतली गोचीड कोणास काढावी लागत नाहीं. म्हणूनच अशी निष्ठा पूजावयास फार सोयीची असते.

कुत्र्याकडे कुत्रा म्हणून पाहण्याची दृष्टि या भूमीला परकी होती, असें मात्र नाहीं. बाराव्या शतकांत कल्याणीच्या तिसऱ्या सोमेश्वरानें रचलेल्या ‘मानसोल्लासा’चा दाखला आपण महाराष्ट्रांतील ओवीच्या प्राचीनतेसाठीं अभिमानानें देतों. त्याच ग्रंथांत शिकारी कुत्र्यांविषयींचें एक स्वतंत्र प्रकरण आहे, हें आमच्या वाचकांपैकीं कितीकांना ठाऊक असेल? ग्रंथ संस्कृत, हेतु राजाची करमणूक; तथापि कुत्रा तेथें कोणाचें रूपक नाहीं.

इंग्रजींत व्हर्जिनिया वुल्फ या लेखिकेनें १९३३ सालीं ‘फ्लश’ नांवाचें एक चरित्र लिहिलें. नायक आहे कवयित्री एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंग हिचा स्पॅनियल कुत्रा. वुल्फबाईंनीं त्याचें जग वासांनीं बांधलें आहे. लंडनमध्यें फ्लशला आपल्या कुळाचा व कानांच्या ठेवणीचा मोठा ताठा; पुढें इटलींत पिसवांनीं त्याला इतकें सतावलें कीं त्याचे ते कुलीन केंस कापून टाकावे लागले. आरंभीं त्याला लाज वाटते. मग कुळ गेलें तशीं पिसवाही गेलीं, हें ध्यानांत येऊन तो मोकळा होतो. वंशावळीच्या वेडावर याहून सौम्य व याहून अचूक टीका आमच्या वाचनांत नाहीं.

ही टीका आज आम्हांस फार जवळची वाटते. बोरघाटाच्या पायथ्याशीं, खोपोली-खालापूरपासून कर्जतपर्यंत, मुंबईकरांचीं फार्महाऊसें उठलीं आहेत. त्यांच्या फाटकांमागें हिमप्रदेशांतला हस्की वैशाखांत धापा टाकीत पडलेला दिसतो. कुत्रा अंगानें घाम गाळून गार होत नाहीं, मुख्यतः धाप टाकूनच होतो. म्हणून चपट्या नाकाच्या पगला आमची दमट हवा अधिकच जाचते. श्वानपालनाचीं जीं मराठी पुस्तकें आमच्या पाहण्यांत आलीं, तीं बहुतेक इंग्रजी पुस्तकांच्या सांच्यांतलीं. त्यांत प्रदर्शनासाठीं केंस कसे विंचरावे याचीं पानेंच्या पानें आहेत. परंतु कोंकणच्या चार महिन्यांच्या पावसांत बोटांमधली ओल कशी पुसावी, गोचिडीचा ताप कसा ओळखावा, उन्हाळ्यांत दुहेरी लवेच्या कुत्र्याचें मुंडण कां करूं नये, याला चार ओळीही नाहींत. पैदाशीसंबंधीं २०१७ सालच्या केंद्रीय नियमांनीं आठ आठवड्यांखालील पिलूं विकण्यास मनाई केली आहे. आईजवळच्या त्या आठवड्यांत पिलूं काय शिकतें, हें मराठींत कोणी नीट लिहिलें असतें, तर हा नियम वाचकाला निव्वळ सरकारी अट वाटला नसता.

देशी वाणाची गोष्ट तर याहून खेदाची. मुधोळच्या घोरपडे राजांनीं जोपासलेल्या शिकारी कुत्र्याचें चित्र २००५ सालीं टपालतिकिटावर आलें. त्याच्याच कारवानी नांवाची पूर्वपीठिका मराठींत फारशी कोणी मांडलेली नाहीं. आणि ज्याला तिकीटही नाहीं व नांवही नाहीं, तो ठाकरवाड्यांतला व कातकरवाड्यांतला कुत्रा ‘गावठी’ या एका शब्दांत संपतो. आंखूड लव, लांब नाक, बेताची अंगलट—या डोंगरांची हवा व हा पाऊस यांनींच त्याची निवड केली आहे. माणसाबरोबर रानांत हिंडणाऱ्या त्या कुत्र्याची जाण वाडीवरच्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यांत आहे; छापलेल्या पानांत ती अद्यापि उतरलेली नाहीं.

हें काम मराठीच्या आवांक्याबाहेरचें आहे, असें कोणी म्हणूं नये. व्यंकटेश माडगूळकरांनीं ‘सत्तांतर’ लिहून वानरांच्या टोळीचें जगणें उपदेशावांचून वाचकांपुढें मांडलें, आणि १९८३ सालीं त्या पुस्तकाचा साहित्य अकादमीनें गौरवही केला. जें वानराला लाभलें तें कुत्र्याला लाभूं नये, याला कारण त्याची अतिपरिचितता हेंच असावें. तरुण लेखकांस आमचें सांगणें एवढेंच कीं, वाघ्याच्या पुतळ्यावर आणखी एक कविता लिहिण्यापूर्वीं त्यांनीं एक पावसाळा एखाद्या वाडीवर काढावा, तेथील एका कुत्र्याच्या मागें सकाळपासून सांजेपर्यंत हिंडावें, आणि जें दिसेल तेवढेंच लिहावें. असें पुस्तक ज्या दिवशीं हातीं येईल, त्या दिवशीं फाटकांमागच्या त्या धापा टाकणाऱ्या जनावरांचेंही कांहीं भलें होईल, असा आमचा भरंवसा आहे.